मांजलपूरचं बिनफोडणीचं खमण

बडोद्याहून परत आल्यापासून साताऱ्यात भेटेल तो मला विचारतो, "राजवाडा पाहिलात का?" पाहिला. स्कूटरवरून, झाडांच्या फटीतून. "आणि ते मोठं संग्रहालय?" त्याची भिंत पाहिली. "मग इतके दिवस तिथं केलंत काय?" आता या प्रश्नाचं उत्तर भाजी घेता घेता देण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहायला बसलो आहे.

मी गेलो होतो मामा म्हणून. बाळाला अन्नाचा पहिला घास मामाने भरवायचा, अशी आमच्यात रीत. सोन्याची अंगठी खिरीत बुडवायची, बाळाच्या जिभेला लावायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझी भाची केतकी हिला सख्खा भाऊ नाही. चुलत भाऊ आहे, पण तो कॅनडात, आणि तो स्वतःच अजून आईच्या हातचं खातो. तेव्हा केतकीच्या मुलीच्या उष्टावणाला केतकीचाच मामा चालेल, असा निकाल माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, फोनवर दिला. आमच्या सौभाग्यवतींचा गुडघा दुखत होता. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकटे जा. खिरीशी संबंध आलेलं कुठलंही काम तुम्ही आजवर बिघडवलेलं नाही."

कंदी पेढ्यांचे दोन पुडे आणि नवीन सदरा घेऊन मी निघालो. गाडीचा प्रवास सांगत नाही. समोरच्या बाकावरचे गृहस्थ सुरतेपर्यंत घोरले, यापलीकडे त्यात काही घडलं नाही.

मांजलपूर

स्टेशनवर दाजी आले होते. दाजी म्हणजे सुमनचे यजमान. रिफायनरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या काळात साताऱ्याकडूनच बडोद्यास आले आणि दफ्तरात कारकून लागले. दाजींच्या वडिलांच्या तोंडी ते हेडक्लार्क झाले होते. दाजींच्या तोंडी ते हल्ली दिवाणसाहेबांचे उजवे हात आहेत. माझ्या पुढच्या खेपेपर्यंत दिवाण होतील.

"प्रवास मजेचा झाला ने?" दाजींनी विचारलं. चार पिढ्यांत मराठी घरात टिकली आहे, पण तिच्या शेपटाला हे 'ने' कायमचं चिकटलं आहे.

मांजलपुरातली त्यांची सोसायटी, सुखशांती, ही मला फार शिस्तीची वाटली. फाटकातच फलक. चपला दाराबाहेर काढू नयेत. कबुतरांना दाणे टाकू नयेत. गॅलरीत ओले कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घालू नयेत. पाहुण्यांनी स्कूटर तिरकी लावू नये. शेवटचा नियम वाचून मी माझ्याकडे स्कूटर नसतानाही जरा सरळ उभा राहिलो. हे सगळं सोसायटीच्या प्रमुखांचं, पंकजभाईंचं कर्तृत्व. चेअरमनला तिथे प्रमुख म्हणतात आणि पंकजभाई तो शब्द मनावर घेतात.

बाळाला सगळे चिमी म्हणत. चिमी आठव्याच महिन्यात जन्मली. पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत काढून घरी आलेली. आता सातवा महिना लागला होता, पण अजून एवढीशीच. नाक मात्र पूर्ण वाढीचं, आमच्या घराण्याचं. तिच्या खोलीत जायचं तर हात धुवायचे, बाहेरचे कपडे बदलायचे, आणि नंतरही तिला हातात घ्यायचं नाही, नुसतं कौतुक करायचं. केतकी मुलांना घेऊन सध्या माहेरीच; तिचे यजमान दहेजला कारखान्यात असतात, रविवारी येतात. त्यांनाही हाच नियम.

"इतके महिने कुणाला दारात उभं केलं नाही, दादा," सुमन म्हणाली. "म्हणून रविवारी हॉल घेतलाय. आख्खी सोसायटी जेवायला. पोरं तर कधीची विचारतायत, बेबी कधी बघायची."

केतकीचा थोरला, चार वर्षांचा अर्णव, खाली पार्किंगमध्ये खेळून आला होता आणि चिमीच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाय घासत उभा होता. तिने त्याला हात धुवायला पाठवलं.

बडोद्यातली एक रीत मला मनापासून पटली. तिला वाटकी वहेवार म्हणतात. शेजारणीकडून वाटी येते, त्यात काहीतरी असतं. ती वाटी रिकामी परत करायची नाही. मग ती भरून जाते, पुन्हा भरून येते, आणि मध्ये बसलेला माझ्यासारखा पाहुणा दोन्ही दिशांनी खातो. आमच्या साताऱ्यात शेजारी प्रेमळ आहेत, पण 'या एकदा जेवायला' म्हणताना दार लावत लावत म्हणतात. सुमनचा असा व्यवहार समोरच्या इमारतीतल्या हंसाबेनशी होता, वीस-बावीस वर्षांचा. हंसाबेननी तिच्याकडून मराठी उचलली, सुमनने त्यांच्याकडून डाळ-तांदळाचा हांडवो.

त्या संध्याकाळी हंसाबेनची वाटी परत करायची होती. सुमनने तीत पेढे भरले आणि मला पाठवलं. हंसाबेननी दार वीतभरच उघडलं. "अरे सातारावाळा भाई! लाओ, लाओ. उद्या येते हं मी तिकडे." एवढं बोलून त्यांनी वाटी घेतली आणि दार ढकललं. आता शहाणा माणूस इथून परत फिरला असता. मला वाटलं, बाई संकोचतायत. मी म्हणालो, "पाणी तरी द्या, हंसाबेन," आणि आत शिरलो.

पडदे ओढलेले. कोचावर त्यांचा नातू ध्रुव पांघरुणात पडलेला, डोळे लाल, नाक गळतंय, ढास लागलेली. "शरदी छे," हंसाबेन घाईने म्हणाल्या. "मुलगा-सून ऑफिसात, म्हणून माझ्याजवळ." मी त्याच्या शेजारी बसून त्याला रुपया नाहीसा करून दाखवला. तो हसला आणि माझ्या तोंडावरच खोकला. उशाशी पितळी फुलदाणी होती आणि तीत गुलाब-झेंडू न ठेवता कडुनिंबाचे डहाळे खोचले होते. मी भारावलो. म्हटलं, बडोदं म्हणजे कलावंतांचं गाव; साधा पाला, पण बघा कसा मांडलाय! तसं मी त्यांना म्हणालोही. हंसाबेन नुसत्या पदराशी चाळा करत राहिल्या.

पाणीगेट

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला स्कूटरवर मागे बसवून जुन्या शहरात नेलं, सेव-उसळ खायला. पाणीगेटच्या अलीकडे एका गाडीपुढे आम्ही उभे राहिलो. वाटाण्याची उसळ, वर शेवेचा डोंगर, कांद्याची पात आणि शेजारी लालभडक तरीचं भांडं, हवी तेवढी घ्या. आमच्या मिसळीची ही गुजरातेत दिलेली मुलगी. सासरी जाऊन अंगाने भरली आहे, पण माहेरचा तिखटपणा सुटलेला नाही. मी तीनदा तरी घेतली आणि नंतर बराच वेळ बोलू शकलो नाही. दाजींना तेच हवं होतं. पणजोबांचं पुढचं प्रकरण त्यांनी तेवढ्यात उरकलं.

येताना चिमीचे लोहाचे थेंब आणायचे होते. तिच्या डॉक्टर नसीमबेन यांचा दवाखाना तिथेच, दरवाजाच्या आत. नसीमबेन पाणीगेटलाच वाढल्या, शेजार सगळा मराठी. त्यामुळे त्यांची मराठी आमच्या सुमनपेक्षा शुद्ध आहे. थेंबांची बाटली देता देता त्यांनी विचारलं, "रविवारचं उष्टावण घरातल्या घरात आहे ना?"

"छोटंसंच आहे," दाजी म्हणाले. आख्खी सोसायटी म्हणजे दाजींच्या लेखी छोटंसंच.

"शहरात गोवराची मुलं येतायत माझ्याकडे. चिमीला नऊ महिने झाल्याशिवाय लस देत नाहीत आपण. तोवर तिच्या आजूबाजूच्यांनी घेतली असेल, तेवढीच ती सुरक्षित. तुमच्याकडे सगळ्या मुलांचे दोन्ही डोस झालेत?"

दाजी हसले. "डॉक्टर, आमची सोसायटी एकदम एज्युकेटेड आहे. इंजिनियर, सी.ए., दोन तर पीएच.डी. आहेत. तसलं काही आमच्याकडे नसतं."

"दाजी," नसीमबेन म्हणाल्या, "गोवर दारावरच्या पाट्या वाचत नाही."

आम्ही दोघांनी गंभीरपणे मान हलवली आणि बाहेर येऊन लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, घ्यायला वळलो.

पुन्हा मांजलपूर

दुपारी जेवायला बसलो तेव्हा पंकजभाई आले होते, रविवारच्या हॉलचं ठरवायला. खुर्च्या कुठे, हात धुवायला कुठे, पाहुण्यांच्या स्कूटरी किती अंशांत. तेवढ्यात हंसाबेनच्या कामवालीने वाटी आणून दिली. वाटी कसली, वाडगाच, आणि त्यात पिवळंधमक खमण. सगळ्यांच्या आधी मी तुकडा उचलला. मऊ होतं, जाळीदार होतं, पण तोंडात घातल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. राई नाही. मिरची नाही. तिळाचा दाणा नाही. वरून कोथिंबीर भुरभुरवली होती, तीही घाबरत घाबरत.

मी मोठ्याने म्हणालो, "हंसाबेनना सांगा गं, फोडणी द्यायची विसरल्या. आता ही बडोद्याची तऱ्हा असेल तर—"

सुमनचा हात ताटातच थांबला. तिने वाडगा जवळ ओढला, वाकून पाहिलं. "हंसाबेन वघार विसरणार नाहीत," ती हळूच म्हणाली. "नवरा गेला तेव्हा तेराव्यालाही त्यांच्या डाळीचा वघार चुकला नव्हता."

"मग?"

"घरात माता आल्या की वघार करत नाहीत, दादा. आपल्याकडेही नाही का, पोराला गोवर आला की आई फोडणी बंद करायची, तळण बंद करायची!"

आता मला ती फुलदाणी आठवली. आणि ते मी लगेच, विचार न करता, सगळ्यांसमोर सांगितलं. उशाशी कडुनिंब. लाल डोळे. ढास. माझ्या तोंडावरचा खोकला.

केतकी उठली. चिमी आतल्या खोलीत झोपली होती. ती त्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. अर्णव म्हणाला, "ध्रुव माझ्याबरोबर क्रिकेट खेळला. परवा."

मग जो गोंधळ झाला त्यात सुमनचा आवाज सर्वांत वर होता. "वीस वर्षं! वीस वर्षं मी त्या बाईच्या वाट्या घासतेय! लीमडो दाराला बांधायचा असतो, फुलदाणीत नाही! दाराला बांधला असता तर हा ढोल्या आत गेला असता का?" हा ढोल्या म्हणजे मी.

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चूक नव्हतं. दाराला पाला लटकला की गावात कळायचं, या घरात आत्ता जायचं नाही. देवीचं नाव घेऊन का होईना, पण बातमी उंबऱ्यावर असायची. मागाहून कळलं, हंसाबेनची सून मोठ्या कंपनीत. दाराला पाला बांधणं तिला मागासलेपणाचं वाटलं, म्हणून तो आत आला. आणि ध्रुवला लस टोचून आणायला तिला सवड झाली नाही. आजीचा पाला लपवून ठेवला, सुनेची लस पुढे ढकलली, आणि गोवर दोन्हींच्या मधून निवांत घरात आला.

पंकजभाई मात्र शांत होते. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "जुओ सुमनबेन, ग्रुपमां नाखशो नहीं, ग्रुपवर टाकायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला पार्टी येतेय रविवारी. अमेरिकेची पार्टी आहे. ओरीचं, म्हणजे तुमच्या गोवराचं, नाव निघालं तर आपल्या सोसायटीची इज्जत काय राहणार?"

"आणि माझ्या नातीचं काय राहणार?" सुमन म्हणाली.

पंकजभाईंनी तोडगा काढला. रविवारी सगळ्यांनी यावं, पण शिंकू नये, अशी सूचना लावू. मला हसू आलं, पण ते त्यांनी खिशातून पेन काढून लिहायलाही घेतलं होतं.

हॉल

संध्याकाळी हॉलमध्ये सभा झाली. नोटीशीत 'आरोग्यविषयक किरकोळ बाब' असं लिहिलं होतं, त्यामुळे गर्दी भरपूर. किरकोळ बाबींना माणसं हमखास येतात. मी संसर्गित म्हणून शेवटच्या खिडकीशी, तोंडाला दाजींचा रुमाल बांधून. हंसाबेन घरीच थांबल्या, त्यांना फोनच्या स्पीकरवर घेतलं होतं.

सुरुवात त्यांच्यावर तोंडसुख घेण्याने झाली. "छुपाव्युं केम?" "जरा तरी विचार करायचा ने!" "आमची पण मुलं आहेत!" मग फोनमधून हंसाबेन म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत मी दाराला तोरणात लीमडो लावला, तर लिफ्टमध्ये तुम्हीच कोणीतरी म्हणालात ने, गामडियण आहे, गावंढळ. ध्रुवचा डोस राहिला, ती आमची चूक. सून रडतेय इथे. पण मला एक सांगा, तुमच्या सगळ्यांच्या मुलांचे डोस झालेत?"

हा प्रश्न हॉलमध्ये जो पडला तो पडलाच. मग एकेकाला कंठ फुटला. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या मुलाला जन्मापासून गाईचं तूप आहे, त्याची शक्ती वेगळी आहे. एका सी.ए.साहेबांच्या मेव्हण्याने न्यू जर्सीहून व्हिडिओ पाठवला होता. तो त्यांनी अर्धाच पाहिला होता, पण अर्ध्यावरूनच त्यांना सगळं कळलं होतं. एकाच्या मुलाला आधी वाढदिवस आला, मग अमावास्या, मग क्रिकेटची फायनल. आणि मागून एक अगदी सज्जन आवाज आला, "बाकीच्या सगळ्यांनी घेतलीय ने? मग आपला एक नाही घेतला तर शुं फरक पडे?"

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. आमच्या आळीच्या गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात तेव्हा मी नेमकं हेच म्हणतो. फक्त गणपती अंगावर पुरळ उठवत नाही.

"लाज वाटायला हवी!" सुमन उभी राहिली. "घरात एवढंसं बाळ आहे आमच्या, तिला लस देतासुद्धा येत नाही. तिचं रक्षण कोणी करायचं? तुम्हीच ने? आणि तुम्ही तूप आणि अमावास्या सांगता! आमच्या घरी बघा, आमच्या अर्णवचं एकन्‌एक—"

"आई, थांब."

केतकी दारात उभी होती. चिमीला दाजींपाशी ठेवून आली होती. ती सभांमध्ये बोलणारी मुलगी नाही. लहानपणीही वर्गात हात वर करायची नाही. ती म्हणाली, "अर्णवचा दुसरा डोस राहिलाय."

सुमन खाली बसली नाही, पण उभीही राहिल्यासारखी दिसेना.

"सुरतेहून बदली झाली तेव्हा राहिला. मग मी म्हटलं पुढच्या आठवड्यात. मग चिमी लवकर झाली, तिच्यामागे धावपळ. दर आठवड्याला मी म्हणत गेले, पुढच्या आठवड्यात. चिमीच्या खोलीत येणाऱ्याचे मी हात धुऊन घेते, पण अर्णव रोज त्याच उंबऱ्यावर असतो." ती दारातून दोन पावलं आत आली. "हंसाबेन लपवत होत्या, मी विसरत होते. चिमीला दोन्ही सारखंच. मी उद्या सकाळी त्याला घेऊन जातेय. ज्यांचं राहिलंय त्यांनी माझ्याबरोबर चला. नाहीतर मला स्पष्ट सांगा. मी चिमीला घेऊन दहेजला जाईन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तूपवाल्या बाईंनी पर्स उघडून उगाच बंद केली. मग मागचे ते 'शुं फरक पडे'वाले गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या दोघांचा राहिलाय." एकाने सांगितलं की दुसऱ्याला सोपं जातं, हे लग्नात उखाणा घेताना आपण पाहिलेलंच आहे. शेवटी पंकजभाई उरले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "माझ्या नातीचं सुनेला विचारावं लागेल," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्याजवळ नियम नव्हता.

समोरच्या इमारतीत

दुसऱ्या दिवशी नसीमबेननी आरोग्य केंद्रात कळवलं आणि हॉलमध्येच लसीकरण ठेवलं गेलं. रविवारसाठी मांडायच्या खुर्च्या त्या दिवशीच मांडल्या गेल्या. रांगेत कोण तिरकं उभं आहे, हे पंकजभाई बघत होते. ध्रुवला डॉक्टरांनी घरी जाऊन तपासलं. गोवरच होता. त्याला औषध दिलं, आणि त्याच्या आजीला ठणकावलं, की खोलीत हवा तर अंधार ठेवा, पण पाणी भरपूर पाजा.

प्रश्न माझा होता. मला लहानपणी गोवर झाला होता का? मी साताऱ्याला आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "झाला होता की! भज्यांसाठी रडून आळी डोक्यावर घेतली होतीस." मागून काका ओरडले, "तो नव्हे, थोरला! याला कांजिण्या!" आत्या म्हणाली, "कांजिण्या थोरल्याला!" मग त्या दोघांचं जुंपलं आणि फोन बंद झाला. माझं बालपण अजून अनिर्णित आहे.

"झालेला असण्याचीच शक्यता जास्त," नसीमबेन म्हणाल्या. "लगेच धोकाही नाही. लागण झालीच असेल, तर आठवड्याभराने तुम्ही ती वाटायला लागाल. पण शक्यता आणि बाळ यांना एका खोलीत ठेवू नये." मला त्यांनी आपल्या दवाखान्यातून आणलेली लस टोचली. माझ्यापुढे अर्णव होता. तो रडला नाही. माझ्याबद्दल काही विचारू नये.

मांजलपुरातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी कुलूपबंद फ्लॅट असतो. मालक परदेशात, किल्ली शेजाऱ्याकडे, फर्निचरवर चादरी. असा एक समोरच्या इमारतीत होता, हंसाबेनच्या शेजारचाच. त्यात मला आणि अर्णवला नसीमबेनच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांसाठी ठेवलं. अर्णव ध्रुवबरोबर खेळलेला, मी ध्रुवचा खोकला खाल्लेला. जेवणाचा डबा दाराशी यायचा. पहिल्या दिवशी अर्णव खूष होता, कारण मी त्याला मागेल तेव्हा गोष्ट सांगत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला गोष्टी पुरेनाशा झाल्या. संध्याकाळी तो गॅलरीत जाऊन समोर आईच्या गॅलरीकडे तोंड करून हाका मारायचा, आणि केतकी बाहेर येऊन हात हलवायची. हात हलवून आत गेली की तो विचारायचा, "मामाआजोबा, आपण वाईट आहोत का?"

"नाही रे. आपण लांब आहोत."

"का?"

"चिमी लहान आहे म्हणून."

हे त्याला पटायचं. अर्ध्या तासाने पुन्हा पटवावं लागायचं. अशी आमची बडोद्याची यात्रा चालली. राजवाड्याचा कळस गॅलरीतून दिसतो, असं दाजी फोनवर ठासून सांगत. मला तरी पाण्याच्या टाक्याच दिसल्या.

उष्टावण दाजींनी पंचांग बघून पुढे ढकललं. मधल्या दिवसांत सोसायटीत आणखी एकाला गोवर निघाला. पंकजभाईंच्या नातीला. लस मिळायच्या आधीच तिला लागण झाली असावी. पण पंकजभाईंना मी मानलं. त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं, अमेरिकेच्या पार्टीलाही कळवलं, आणि आपल्या दाराला लीमड्याची डहाळी बांधून तिच्याखाली छापील पाटी लावली: 'ओरी छे. अंदर आववुं नहीं. चंपल बहार काढवा नहीं.' पोरगी दोन-तीन दिवस तापली, मग पाटीखालून जीभ काढून दाखवू लागली. ध्रुव हिंडूफिरू लागला. मला आणि अर्णवला काहीच झालं नाही, तरी नसीमबेननी सांगितलेला शेवटचा दिवस उजाडायचा होता, आणि पंचांगाला तेवढा दम नव्हता.

म्हणून उष्टावण झालं ते केतकीच्या गॅलरीत, उघड्यावर. चिमीभोवती घरातली चौघंच, दहेजहून आलेले केतकीचे यजमान धरून. मी आणि अर्णव समोर आमच्या गॅलरीत, रस्त्याएवढं अंतर मध्ये. शेजारच्या गॅलरीचं दार मात्र बंद होतं. मी कठड्यावरून हाक मारली, "हंसाबेन, या की बाहेर!"

आतून आवाज आला, "नको भाई. शुभ कामात माझं तोंड कशाला? सुमनबेन बोलत पण नाही माझ्याशी."

"मग मी तरी कशाला उभा आहे? मामा असून घास भरवायचा नाही, आणि पाहुणा असून खायचं नाही. जन्मात पहिल्यांदा काही न करून उपयोगी पडतोय. एकट्याला कंटाळा येतो."

दार वीतभर उघडलं. हंसाबेन डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. समोर सुमनने ते पाहिलं. ती आत गेली. मला वाटलं, झालं. पण ती पाट घेऊन बाहेर आली, केतकीला म्हणाली, "जरा या बाजूला सरक, तिकडून नीट दिसत नाही." आणि मग रस्त्यापार ओरडली, "हंसाबेन, देखाय छे ने?"

"देखाय छे!" हंसाबेन म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या, त्यामुळे त्यांना पुढचं काही दिसलं नसणार.

अंगठी केतकीने स्वतः बुडवली. चिमीने ती चाटली, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळी खीर बापाच्या नव्या सदऱ्यावर थुंकली. दाजींनी टाळ्या वाजवल्या. केतकीने पुन्हा थोडी दिली. ती पोटात गेली. तिसऱ्या वेळी चिमीने स्वतःच तोंड उघडलं आणि वाट बघत बसली. केतकी मात्र घास हातात धरून समोर बघत होती, कठड्याच्या गजांतून डोकं काढू पाहणाऱ्या अर्णवकडे.

अर्णव सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला, "आई, माझ्याकडे नको बघू! तिला दे!"